हलवलेली खुंटी

माझ्या थोरल्या लेकीची मागणी पक्की झाली आणि जावयाकडची देजाची अकरा गुरं आमच्या दारात आली, त्याच वर्षी मापुलेनबाईंच्या घराचा पाया घातला.

"एवढीच जाडी, न्ताते?" बाईंनी मोलेत्सानेला विचारलं. "माझी भाकरी याहून जाड असते!"

"तुमच्या भाकरीला खालून फासळ्या नसतात, म्मे. याला आहेत."

आमच्यात पुरुषाला मानाने न्ताते म्हणतात, बाईला म्मे. मोलेत्साने थाबा न्चू गावातल्या कचेरीत घरांच्या पायांचे आराखडे काढायचा. मी वयाने मोठा, पण त्याच्या हाताखाली माती तपासायचे खड्डे खणायचो. आमची काळी माती पावसात फुगते, थंडीत भेगाळते. म्हणून घर काँक्रीटच्या सपाट तराफ्यावर बसवायचं, माती हलली तर सगळं घर एकदम हलेल, असं तो सांगायचा. मला ते कधी नीट उमगलं नाही. जाड ते मजबूत, एवढंच मला ठाऊक. पण पंधरा वर्षं त्याची घरं उभी होती.

तिसऱ्या वर्षी बाईंची कोपऱ्यातली खोली तडकली. मोलेत्सानेने खिशातून गोटी काढून जमिनीवर ठेवली. ती आपणहून घरंगळत कोपऱ्याला जाऊन टेकली.

"सासरे कूस बदलतायत," बाई पुटपुटल्या.

"कोण सासरे?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

त्या कोपऱ्याखाली त्यांच्या सासऱ्यांचं गुरांचं आवार होतं. त्याच्या भिंतीचे दगड लोकांनी कधीच नेले होते. घरच्या कर्त्याला आमच्यात त्याच्या गुरांच्या पायाखालीच पुरतात, तसे तेही तिथेच होते. मोलेत्सानेच्या माणसाने खड्ड्याची खुंटी नेमकी तिथे ठोकली होती. त्यांच्या डोक्यावर कुदळ कशी घालू? मी खुंटी उपटून बारा पावलं पलीकडे ठोकली. तिथली माती घट्ट लागली. तीच पिशवीत भरून दिली, आणि त्या मातीवरून त्याने पाया बेतला. कोपऱ्यात मात्र खोलवर जुनं शेण आणि भुसभुशीत माती.

हे सगळं मी सांगितलं. बाई म्हणाल्या, "मलाही ठाऊक होतं. पण सुनेनं त्या आवाराचं नाव कसं काढायचं? त्या खोलीत मी अजून खाट टाकलेली नाही."

मोलेत्साने उंबऱ्यावर बसला. "सांगायचं होतंत, न्ताते. मी घरच सरकवलं असतं."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तेव्हा मला वाचता येत नव्हतं. कागदावर एकदा उमटलं ते हलत नाही, असंच वाटायचं.

"आणखी किती खुंट्या हलवल्यात?"

"ही एकच."

"नक्की?"

मी आठवायला लागलो. एका जागी कुणाचं तरी थडगं होतं. एका जागी म्हाताऱ्या बायकांनी जपलेलं झाड. की ते झाड दुसऱ्या गावातलं?

"आता नक्की नाही सांगता येत," मी म्हणालो.

त्याने गोटी उचलून खिशात टाकली.

चौकशीत त्याने लिहून दिलं, "चूक आराखड्याची, म्हणजे माझी." आराखड्यांवर सही करायचा त्याचा अधिकार गेला. बाईंना पलीकडे नवं घर मिळालं. पुढे साठीला आल्यावर मी अक्षरं शिकलो, तेव्हा तो कागद मागून तीनदा वाचला. त्यात माझं नाव नव्हतं.

"का रे?" मी विचारलं.

"खड्डा बघायला मी गाडीतून उतरलोच नव्हतो."

ते खरं होतं की माझी समजूत काढायला, मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतर दर शनिवारी आम्ही दोघं त्याच्या जुन्या घरांतून हिंडायचो. चहा व्हायचा, मग तो गोटी ठेवायचा आणि मी श्वास रोखून बसायचो. बहुतेक घरांत ती जागची हलली नाही. दोन घरांत घरंगळली. तिथे खुंटी मी हलवली होती का, ते त्याने विचारलं नाही. मलाही आठवलं नाही.

मोलेत्साने गेल्या जूनच्या नऊ तारखेला वारला. कबरीची खुंटी त्याच्या भावाने ठोकली होती. मी तिथेच खणलं.