कोलूतलं तळं

घरात कुठे उघडं पाणी साठवलेलं आहे का, हा रेवाचा प्रश्न साधाच होता. पण तो ऐकून वॉर्डातल्या खाटेवर कृष्णवेणीबाईंनी डोळे मिटले होते आणि त्यांचा मुलगा विश्वजित खिडकीबाहेरच्या पांढऱ्या, निवाऱ्याविना पडलेल्या उन्हाकडे पाहत उभा होता.

दोन हजार सहाचं नवरात्र. चेन्नईच्या या रुग्णालयात तापाने दाखल होणाऱ्या प्रत्येकाचं रक्त रेवा तपासत असे. त्यांतल्या किती जणांना चिकुनगुनिया आहे, हे पाहणं तिचं काम. कोल्हापूरहून आलेल्या रेवाला आता निकालाआधीच माणसांच्या बसण्यावरून कळे. निम्म्याहून अधिक खाटांवर तोच विषाणू होता. माणसं उन्हात पडलेल्या पानांसारखी आपल्याच आत मुडपलेली.

"ड्रमांस झांकणं आहेत," कृष्णवेणीबाई अखेर म्हणाल्या. त्यांच्या मराठीत तंजावरचा जुना काळ अजून रेंगाळत होता. "आम्ही काय वेडे?"

"अम्मा, कोलूचं तळं सांग ना," विश्वजित हळूच म्हणाला.

नवरात्रात त्यांच्याकडे पायऱ्यांवर बाहुल्यांचा कोलू मांडत, आणि तळाशी मातीच्या परातीत तळं, त्यात लाकडी हंस. यंदा सून भव्या, विश्वजितची बायको, गरोदर होती, म्हणून ते पाणी नवसाचं होतं, कावेरीहून आणलेलं.

"आज सकाळी त्यात अळ्या पाहिल्या," विश्वजित म्हणाला. "वळवळत होत्या."

"उद्या-परवा त्यांचे डास होतील," रेवा म्हणाली. "मावशी, तुम्ही ताप अंगात घेऊन घरी जाणार. तुम्हाला चावलेला डास पुढे भव्याला चावला, आणि बाळंतपणाच्या वेळी तिला हा ताप असला, तर बाळालाही होऊ शकतो. ते पाणी आजच ओतून द्या."

"दशमीच्या आधीं कोलू हालवूं नये, मुली. त्या पाण्यासमोर सुखरूप बाळ मागितलं. तेंच ओतूं?"

शेजारच्या खाटेवरून सईबाई कण्हत हसल्या. त्या समोरच्याच घरातल्या. "अगो कृष्णवेणी, देवीस मच्छर चावत नाहींत. सुनेस चावतात."

"तूं निज गे! प्रसादाचं सुंडल खायास आधीं, शहाणपण सांगायास आधीं."

"सुंडलांत मीठच नव्हतं."

विश्वजितलाही हसू आलं. पण ते ओठांवरच विरलं. इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्याचा निळा गणवेश त्याच्या अंगावर होता. पाळीची बस थोड्याच वेळात कोपऱ्यावर येणार होती. घर मात्र उलट्या दिशेला होतं.

पाणी ओतणं ही रेवाच्या दृष्टीने एका हाताची गोष्ट होती. पण त्या परातीत एका बाईचं मागणं तरंगत होतं, आणि त्याच मागण्याखाली, तितक्याच निरागसपणे, अळ्या श्वास घ्यायला वर येत होत्या.

विश्वजितने आईच्या सुजलेल्या, न मिटणाऱ्या बोटांवर चादर ओढली.

"विश्वा," त्या म्हणाल्या, "तूं कारखान्यासच जातोस ना? त्या पाण्यास हात लावणार नाहींस?"

त्याने पिशवी खांद्याला अडकवली. दारापाशी क्षणभर थांबला. मग मागे न पाहता जिना उतरला आणि बसचा कोपरा सोडून घराच्या दिशेने चालू लागला.