आरपार देवळी

सन एकोणीसशे पंच्याहत्तर. दुष्काळ सरून दोन बरी सालं गेली होती, आणि कुंभार पिंपळगावात पाच-सहा घरांत ट्यूब लागल्या होत्या. आपल्याही घरात लागावी म्हणून उषाबाईनं वर्षभर नवऱ्याचं, धर्मराजचं, डोकं खाल्लं. माहेरी जुन्या जालन्यात बहिणीच्या घरी तिनं ट्यूब पाहिली होती. दुधासारखा उजेड, आणि त्यात माणसाचं तोंड कसं उजळ दिसायचं! धाकटी नणंद बेबीनंदा लग्नाला आली होती. तिला बघायला येणाऱ्या पाहुण्यांना पिवळ्या बल्बाच्या उजेडात बसवायचं, हे उषाबाईच्या मनाला पटत नव्हतं.

तो बल्ब छताला नव्हता, भिंतीत होता. गावात वीज आली त्या साली सासरे अप्पाराव यांनी शेजारच्या सोनूबाईच्या आणि आपल्या घरामधल्या भिंतीत आरपार देवळी पाडली आणि बल्ब तिच्यात टांगला. दिवा एक, घरं दोन. सोनूबाईचा नवरा वारलेला, मीटर घ्यायची ऐपत नाही. दिवसभर ती लोकांच्या शेतात खुरपायची आणि दिवेलागणीनंतर त्या देवळीखाली बसून झबली-टोपडी शिवायची. आठवडी बाजारात गोणपाटावर मांडून ती विकायची. तेवढाच तिला आधार. बल्बवरची धूळ तीच पुसायची, आपल्या बाजूनं हात घालून. उषाबाईनं बटण दाबलं की पलीकडून आवाज यायचा, "लागला गं बाई!" मग दोन्हीकडं हात जोडले जायचे. अप्पाराव गेले तरी हे तसंच चालू होतं.

दिवाळीच्या आधी अंबडहून कडूबा वायरमन ट्यूब घेऊन आला. समोरच्या भिंतीला पट्टी ठोकता ठोकता म्हणाला, "वहिनी, ही चाळीस वॅटची म्हन्तेत खरी, पन आत चोक हाय. तो गुपचूप आपला वाटा खातो. मंग मीटर फिरलं तर मला बोल लावू नका."

"फिरू द्या. तुम्ही लावा जल्दी."

पट्टी झाली. कडूबानं देवळीकडं पाहिलं. "ह्याचं काय करू? पलीकडं कुणी राहत असंल तर बल्ब ऱ्हाऊ द्या. न्हाई तर बुजवून टाकतो."

उषाबाईच्या डोळ्यांपुढं पाहुणे आले. पांढऱ्याशुभ्र भिंतीत ते पिवळं भोक, आणि भोकातून डोकावणारी सोनूबाई.

"न्हाई," ती म्हणाली. "पलीकडं कुणी राहत न्हाई."

देवळीपलीकडं भांडं ठेवल्यासारखा हलका आवाज झाला. सोनूबाई त्या दिवशी कामाला गेली नव्हती, हे उषाबाईला तेव्हा कळलं.

"उंदीर दिसतो," कडूबा म्हणाला आणि विटा लावू लागला. उषाबाईनं त्याला थांबवलं नाही.

सोनूबाई भांडली असती तर उषाबाईला बरं वाटलं असतं. पण विहिरीवर भेटली की "झालं का पानी?" एवढंच विचारायची. रेशनचं रॉकेल पुरवून पुरवून कंदिलात घालायची आणि लवकर विझवायची. बाजारात तिचं गोणपाट निम्म्यावर आलं. उषाबाईनं ते लांबून पाहिलं आणि भाजी घ्यायला दुसऱ्या वाटेनं गेली.

मार्गशीर्षात आष्टीचे साहेबराव आपल्या मुलासाठी बेबीनंदाला बघायला आले. बरोबर दोन बायका. गाडी उशिरा आली आणि दिवेलागण झाली. शिवारात सगळ्यांच्या विहिरींवरच्या मोटारी गव्हाच्या पाण्याला लागलेल्या. उषाबाईनं ऐटीत बटण दाबलं. ट्यूबची दोन्ही टोकं तांबडी झाली, मध्ये लुकलुकली आणि विझली. पुन्हा लुकलुकली, पुन्हा विझली. विजेला जोरच नव्हता. बल्ब असता तर निदान निखाऱ्यासारखा तरी पेटला असता.

"काय पावनं," साहेबराव धर्मराजला म्हणाले, "घरात काजवे पाळलेत का?"

सगळे हसले. बेबीनंदा पोह्यांचं ताट धरून अंधारात उभी. घरच्या कंदिलाची काच कधीच फुटलेली, ट्यूबच्या भरवशावर नवी आणलेली नव्हती.

तेवढ्यात दारात उजेड आला. सोनूबाई कंदील घेऊन उभी होती. काच राखेनं घासून लख्ख केलेली, वात वर काढलेली. आठवड्याचं रॉकेल त्यात जळत होतं. तिनं कंदील बेबीनंदाच्या पुढ्यात ठेवला. "पोरीचं तोंड तर दिसू द्या, मंग करा चेष्टा."

"ह्या कोन?" साहेबरावांनी विचारलं.

उषाबाई डोक्यावरचा पदर सारखा करू लागली.

"मी व्हय?" सोनूबाई म्हणाली. "पलीकडंच राहते."

एवढंच बोलून ती गेली. पाहुण्यांना त्यात काही वाटलं नाही. उषाबाईला मात्र मान वर करवेना. सोयरीक तिथंच ठरली. सगळे पेढ्यांचं बोलत होते आणि ती कंदिलाकडं बघत बसली होती.

दुसऱ्या आठवड्यात तिनं कडूबाला पुन्हा बोलावलं. त्यानं बुजवलेल्या देवळीला छिन्नी लावली. विटा निघाल्या तशी पलीकडं सोनूबाई उभी दिसली.

"आं?" कडूबा म्हणाला. "तुम्हीच म्हन्ला व्हता ना वहिनी, पलीकडं कुणी राहत न्हाई?"

खरं बोलायची तीच वेळ होती. दोन शब्दांचं काम होतं. सोनूबाई तिच्याकडंच बघत होती.

"आता राह्यला आल्यात," उषाबाई म्हणाली.

सोनूबाईनं मान फिरवली आणि पडलेली माती झाडू लागली.

संध्याकाळी उषाबाईनं देवळीत पुन्हा टांगलेला बल्ब लावला आणि हात जोडून थांबली. पलीकडून दोरा तोडल्याचा आवाज आला. "लागला गं बाई" आलं नाही.

बेबीनंदा आष्टीला नांदली. तिच्या दोन्ही पोरांची पहिली झबली सोनूबाईनं शिवली. कडूबानं पुढं अंबडला विजेच्या सामानाचं दुकान टाकलं. धर्मराज साठी उलटल्यावर गेला. सोनूबाई अकरा वर्षं त्या देवळीखाली शिवत राहिली. मीठ-मिरची मागायची, द्यायची, उषाबाईच्या बाळंतपणातही राबली, पण दिवा लागल्यावर ते शब्द तिनं पुन्हा कधी उच्चारले नाहीत. ती गेली तेव्हा सुईदोऱ्याचा डबा देवळीतच होता.

उषाबाई आता लेकाकडं जुन्या जालन्यात असते. तो दर काही वर्षांनी घरातले दिवे बदलतो. दिवे बसवणारा माणूस आला की ती त्याला सांगते, डावीकडं कोण राहतं, उजवीकडं कोण. त्यानं विचारलेलं नसतं.