देठ गळेपर्यंत

फांदीवरून काढलेला डोळा फार वेळ ताजा राहत नाही. डोळा म्हणजे पानाच्या बगलेतला तो बारीक कोंब, ज्यातून पुढे फांदी फुटते. सालीच्या चकतीसकट तो काढला की चकतीची आतली बाजू ओली, हिरवट-पांढरी दिसते. सावकाश तीस श्वास मोजेपर्यंत तिच्या कडा तपकिरी व्हायला लागतात. तेवढ्यात तो डोळा दुसऱ्या झाडाच्या चिरलेल्या सालीत सरकवून वर पट्टी गुंडाळून व्हायला हवी. कलमवाली हे सगळं अकरा श्वासांत उरकायची.

नोकरी सोडायची की नाही, हे मात्र तिला दोन वर्षांत ठरवता आलं नव्हतं.

नोकरी वाईट नव्हती. गावाबाहेरच्या रोपवाटिकेत आठ ते पाच काम, डोक्यावर हिरव्या जाळीची सावली, रविवारी सुट्टी आणि पहिल्या तारखेला पगार. पण शेजारपाजारचे बागवाले तिला बोलवत होते. कुणाची झाडं जुनी, कुणाची फळं आंबट. दर रविवारी दारात कुणी ना कुणी उभं असायचं, आणि कलमवाली चाकू पुसत म्हणायची, "बघू." गाव तिच्या माघारी तिला बघूबाई म्हणायचं. हे तिला माहीत होतं आणि त्यात चूक काही नाही, असंही तिचं मत होतं.

सगळ्यात जास्त पिच्छा पुरवला तो कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यानं. त्याचं कुजबुजणंसुद्धा दोन शेतं ओलांडून जायचं, म्हणून त्याला सगळे भोंगा म्हणत. त्याची संत्र्याची पन्नास झाडं होती आणि पन्नासही आंबट.

"वहिनी, माझ्या संत्र्यांना पाखरंसुद्धा तोंड लावत नाहीत हो," तो कुंपणावरून ओरडायचा. "मागं एक कावळा आला होता. त्यानं जाऊन बाकीच्यांना सांगितलं."

"रविवारी दोन झाडं करून देईन."

"रविवारी दोन! पन्नास व्हायला अर्धं वर्ष. तोवर मीच आंबट होईन. ती नोकरी सोडा आणि मोकळ्या व्हा की!"

"बघू."

घरात नवरा शिंपी. पुढच्या खोलीत त्याचं मशीन. कधी तीन-तीन दिवस मशीनवर धूळ बसायची आणि चौथ्या दिवशी अख्ख्या गावाला एकदम सदरा हवा असायचा. तो सरळ सांगायचा, "अगं, घरात एकाचे तरी पाय जमिनीवर हवेत. माझे दोन्ही पायडलवर असतात."

सासूला ती आत्या म्हणे. आत्याचं मत दर जेवणाला बदलायचं. सकाळी म्हणायची, "सोड गं, दुसऱ्याच्या झाडांना आयुष्य देऊन बसलीस." संध्याकाळी म्हणायची, "पण पगार कसा, न बोलवता येतो." आणि शेवटी, "माझे दात पडले, पण हिचं बघू काही पडेना."

कलमवालीची खरी अडचण वेगळी होती, आणि ती तिनं कुणाला नीट समजावून सांगितली नव्हती. रोपवाटिकेत तिची शंभरातली नव्वद कलमं जगत. पण ती जगत ती तिच्या हातामुळे, की मालकाच्या जाळीमुळे आणि वेळेवर मिळणाऱ्या पाण्यामुळे? अकरा वर्षांत हे दोन्ही कधी वेगळं झालंच नव्हतं. उघड्या रानात, कोरड्या वाऱ्यात, तापलेल्या मातीत तिचा हात किती खरा, हे तिला ठाऊक नव्हतं. आणि जे ठाऊक नाही त्यावर घर उभं करायची तिची तयारी नव्हती.

म्हणून तिनं परसातलं म्हातारं संत्र्याचं झाड निवडलं. भर उन्हात उभं, मुळाशी खडकाळ माती, पाणी आठवडाभरात दोन बादल्या. त्याच्या कोवळ्या फुटव्यांवर तिनं गोड संत्र्याचे दहा डोळे भरले आणि घरात जाहीर केलं, "दहातले सहा लागले तर नोकरी सोडीन. नाही लागले तर पुन्हा विषय काढायचा नाही. तीन आठवड्यांनी कळेल. तोवर कुणी हात लावायचा नाही."

"कळेल कसं?" आत्यानं विचारलं.

"मला कळेल."

इथंच तिचं चुकलं. कसं कळतं ते सांगायला हवं होतं. डोळा काढताना त्याच्या पानाचा अर्धा देठ तसाच ठेवतात, बोटांत धरायला. पट्टीतून तेवढा देठ बाहेर डोकावत राहतो. डोळा जगला की झाड तो देठ आपणहून सोडतं. बोट लागताच टपकन गळतो. डोळा मेला तर देठ वाळून जागच्या जागी चिकटून बसतो. गळला तर जगला, चिकटला तर मेला. ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं, पण आहे तसंच.

तीन आठवडे ऊन असं पडलं की परसातला दगड उचलताना फडकं घ्यावं लागे. कलमवाली रोज कामावर जाताना झाडाकडे बघायची आणि हात मागे बांधून पुढे जायची.

बाविसाव्या दिवशी रविवार होता. सकाळीच ती चाकू घेऊन झाडापाशी गेली. मागोमाग शिंपी आणि आत्या. कुंपणापलीकडे भोंगा उगाचच कुदळ धरून उभा.

तिनं पहिल्या देठाला बोट लावलं. देठ हलला नाही.

दुसऱ्याला लावलं. तोही घट्ट.

कलमवाली थांबली. काळजाच्या जागी काहीतरी जड, थंड बसल्यासारखं वाटलं, आणि वजनकाट्यावरचा आकडा वाचावा तसं तिनं ते वाचलं. नोकरी टिकणार होती. मग बरं का वाटत नव्हतं?

तिनं तिसऱ्याला बोट लावलं. तो टपकन पडला. खाली डोळा हिरवागार, मुगाच्या दाण्यासारखा फुगलेला.

"मेला!" भोंगा ओरडला. "वहिनी, तुटला तो!"

"तुटला नाही, लागला," ती म्हणाली. "देठ गळतो तोच जगतो."

शिंप्यानं आत्याकडे पाहिलं. आत्यानं आभाळाकडे.

कलमवालीनं वळून पहिल्या देठापाशी तोंड नेलं. देठाच्या बुडाशी हिरवा दोरा होता. एकेरी, बारीक, देठाच्या रंगाशी तंतोतंत जुळणारा. तीन वेढे आणि काजाची गाठ. असली गाठ गावात एकच माणूस मारायचा.

"अहो," ती हळू म्हणाली, "हे काय?"

शिंप्यानं मान खाजवली. "गाठ आहे."

"ते दिसतंय. कशाला?"

"नुसता बघायला गेलो होतो गं. बोट लागलं आणि पडला. मला वाटलं, मारला मी तुझा डोळा. आता पाचच लागतील आणि तू जन्मभर म्हणशील, ह्यांच्यामुळे राहिलं. मग बांधला. रंग जुळवायला चार रिळं उलगडली."

"तुम्हाला तर नोकरी टिकायला हवी होती ना?"

"पाय जमिनीवर हवेत म्हणालो होतो," शिंपी पुटपुटला. "कुणाच्या जमिनीवर, ते कुठं म्हणालो?"

कलमवालीनं दोरा कापला. देठ पडला. खाली हिरवा डोळा. दुसऱ्या देठाच्या बुडाशी पांढरट, कडक काहीतरी होतं. तिनं नखानं खरवडलं, हुंगलं.

"आत्या, ही पिठाची खळ आहे."

"असेल," आत्या म्हणाली. "वाऱ्यानं उडून आली असेल."

"शिजून?"

"अगं, माझा पदर अडकला त्याला! मी म्हटलं, पोरगी दोन वर्षांनी एकदाची ठरवायला निघालीय आणि म्हातारीनं घात केला. चिकटवला आपला."

"तुम्हीच म्हणत होतात ना, पगार न बोलवता येतो?"

"संध्याकाळी म्हणत होते. खळ सकाळी लावली."

कुंपणापलीकडून खाकरल्याचा आवाज आला. भोंग्यानं खिशात हात घातला आणि वाळलेला एक देठ पुढे केला. "वहिनी, मी नुसती फुंकर मारली होती. आठवडाभर खिशात घेऊन फिरतोय. भूक मेली माझी."

"कुठला?"

"कुंपणालगतचा."

तिनं जाऊन पाहिलं. देठ नव्हता, डोळा होता, आणि हिरवा होता. ती हसायला लागली, आणि एकदा लागली ते थांबेचना. चाकू खाली ठेवावा लागला. तिच्याबरोबर शिंपी हसला, आत्या पदर तोंडाला लावून हसली, आणि भोंग्याच्या हसण्यानं दोन शेतांपलीकडची बकरी ओरडली.

"चार झाले," भोंगा मोठ्यानं मोजू लागला. पुढच्या फुटव्यावरचा देठ काळा पडून चिकटलेला निघाला. "एक गेला." त्याच्या पुढचा बोट लागताच गळला. "पाच!"

तेवढ्यात दारात फटफटी थांबली. रोपवाटिकेचे मालक. माणूस भला होता. अकरा वर्षांत त्यांनी आवाज चढवला नव्हता. ते घराला वळसा घालून परसात आले आणि झाडाकडे न बघताच म्हणाले, "बाई, सुट्टीच्या दिवशी आलो, राग मानू नका. गेल्या आठवड्यात बोललो होतो ते. मुकादमाची जागा. खुर्ची, टेबल, पंखा. आता चाकू धरायचा नाही, दुसऱ्यांवर लक्ष ठेवायचं. उद्या दुसऱ्याला सांगावं लागेल, म्हणून आज उत्तर हवं."

कलमवालीनं खाली ठेवलेला चाकू उचलला. त्याची लाकडी मूठ तिच्या अंगठ्याच्या जागी झिजून खोलगट झाली होती.

"अगं, थांब," आत्या तिच्या कानाशी म्हणाली. "पाचच झालेत. सहावा बघ आधी. चार राहिलेत अजून."

कलमवालीनं पुढच्या फुटव्याकडे पाहिलं. देठ पिवळा पडला होता. बोट लावायचीच खोटी होती. तिनं हात पुढे केला नाही. पहिले दोन देठ घट्ट लागले तेव्हा छातीत काय बसलं होतं, ते तिनं वाचलं होतं. तो आकडा पुरेसा होता.

"मग काय बाई," मालक हसून म्हणाले, "नेहमीसारखं बघू?"

भोंगा कुंपणावरून पुढे ओणवला.

तिनं चाकू मिटला.

"नाही मालक," ती म्हणाली. "या महिनाअखेरीला मी नोकरी सोडतेय."