कान्हेरीला नेलेली काठी

मित्रांनो, मी चिव्याची, म्हणजे भरीव बांबूची, एक जुनी काठी आहे. माझी मूठ हातांच्या घामाने काळी झाली आहे आणि टोकाची लोखंडी शेंबी अर्धी झिजली आहे. तुम्हांला माझ्या मनातली एक वाईट गोष्ट सांगते. मी एका बाईचा हेवा केला.

येऊरच्या रानात मी वाढले. एका ठाकराने मला तोडले, निखाऱ्यावर शेकून सरळ केले आणि ठाण्याच्या बाजारात विकले. मला घेतले हरिहरपंतांनी. ते कचेरीत कारकून होते. पुढे त्यांची नजर पार गेली, नोकरी सुटली आणि मीच त्यांचे डोळे झाले. सात वर्षे तळ्याची पाळ, देऊळ, मित्रांच्या ओसऱ्या, जिथे पंत तिथे मी. लोक म्हणत, "पंत, काठी मोठी गुणाची हो!" ते ऐकून मला फार अभिमान वाटे. त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई मात्र दारापर्यंत येत आणि तिथेच थांबत. चारचौघांत नवऱ्याचा हात धरण्याची तेव्हा रीत नव्हती. खरे सांगते, मला ते बरे वाटे.

डोंगर पोखरून भिक्षूंनी केलेल्या कान्हेरीच्या विहाराविषयी पंतांनी पुष्कळ वाचले होते. पाहायचे तेवढे राहून गेले. सन १८८४च्या पौषात ते बाईंना म्हणाले, "मला कान्हेरीला जायचंय. तू चल. तिथलं सगळं तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"मी? लोक काय म्हणतील?"

"तुला वाचायला शिकवलं तेव्हाही म्हणालेच होते."

डोंगराच्या पायथ्याशी गाडी थांबली. गाडीवान गणू बैलांपाशी राहिला. वर चढताना झिजक्या पायऱ्या लागल्या. "पाऊल जपून टाकायचं," असे म्हणून बाईंनी पंतांचा हात धरला. आजूबाजूला चिटपाखरूही नव्हते. पंतांनी मला काखेत मारले. चालताना माझी शेंबी जमिनीला लागली नाही असे त्या दिवशी पहिल्यांदाच घडले. माझा जळफळाट झाला.

मोठ्या लेण्यात बाईंनी पंतांचा तळवा बुद्धमूर्तीच्या दगडी पावलावर ठेवला.

"केवढी आहे गं?"

"आपल्या घराच्या आढ्याहून उंच. चेहरा असा, की कुणावर कधी रागावलाच नसावा."

भिंतीवर जुनी अक्षरे कोरलेली होती. बाई पंतांचे बोट त्यांवरून फिरवत म्हणाल्या, "ही मलाही वाचता येत नाहीत."

"मग आज आपण दोघंही आंधळे!" पंत खळखळून हसले.

मी खांबाला टेकून उभी होते. इतकी वर्षे त्यांच्याबरोबर हिंडून तसे हसू मी एकदाही ऐकले नव्हते. बाईंचा पाय घसरावा, असे माझ्या मनात आले.

आणि उतरताना तो घसरलाच. त्या मटकन खाली बसल्या. घोटा भराभर सुजला. क्षणभर मला आनंद झाला, आणि त्याची लाज मला अजून वाटते. पंतांनी चाचपत मला पुढे केले. "ही घे."

बाईंनी माझी मूठ धरली आणि हळूच म्हणाल्या, "हिचा मी फार हेवा केलाय. रोज ही बाहेर जायची आणि मी मागे राहायची."

मित्रांनो, मी थिजून गेले. मग त्यांचा सगळा भार अंगावर घेतला. त्या पायऱ्या उतरताना मी इतकी जपले, की तशी जन्मात कधी जपले नव्हते.

संध्याकाळी ठाण्यात आलो. गल्लीत गाडी जात नव्हती. ओट्याओट्यांवर माणसे बसलेली. बाईंनी मला पंतांपुढे धरले. "आता ही घ्यायची. सगळे बघताहेत."

"आणि तू?"

"जाईन भिंतीला धरून."

पंतांनी मला परत बाईंच्याच हातात दिले आणि त्यांचा दुसरा हात घट्ट धरला. "बघू देत. मला कुठे दिसतंय!"

ओट्यांवरच्या माना आमच्याकडे वळल्या. आम्ही तिघे हळूहळू घरापर्यंत चालत गेलो.

त्यानंतर पंत बाईंचा हात धरून बाहेर पडू लागले आणि माझे जाणे कमी झाले. हेवा अगदी गेला, असे मी म्हणणार नाही. पण मित्रांनो, आपल्या माणसाला दुसऱ्या कुणाचा आधार मिळाला तर जळू नका. आणि घरातल्या जुन्या काठीला वाळवी लागू देऊ नका. टेकायला कुणाला तरी द्या.