गुरूवरचा डाग

आमच्या म्हाताऱ्याने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, तेओफिलोने, चाळीस वर्षं गुरू ग्रहाची चित्रं काढली आणि नाव म्हणाल तर कुठेच नाही. तागबिलारानच्या धक्क्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. दुर्बीण स्वतः घडवली, तिचा आरसाही स्वतःच घासला. कॅमेरा लाव म्हणून सांगून माझं तोंड दुखलं. डोळ्याने दिसतं तेच खरं, हा याचा हेका. आणि डोळ्यांतच काचबिंदू. डावा गेलेला, उजव्याला डॉक्टरांनी नाताळपर्यंतची मुदत दिलेली.

नोव्हेंबरात एका संध्याकाळी, सूर्य बुडाल्या बुडाल्या, गुरूवर दक्षिणेला त्याला काळा ठिपका दिसला. गुरूच्या चंद्रांची सावली अश्शीच पडते, आणि याने त्या शेकडो पाहिलेल्या. सावलीच असणार म्हणून चित्रात टिंब मारलं आणि जेवायला खाली आला. नवखा असता तर तिथल्या तिथे सावल्यांच्या वेळांचं कोष्टक उघडून बसला असता. याने सकाळी उघडलं. त्या वेळेला एकाही चंद्राची सावली पडणार नव्हती.

म्हणजे काहीतरी येऊन आदळलं होतं, आणि ते पहिल्यांदा आमच्या म्हाताऱ्याने पाहिलं होतं. त्याने लगेच मनिलाच्या निरीक्षक मंडळाला फोन केला. तिथली बाई गोड बोलली, पण नियम तो नियम. फोटो नसेल तर दुसऱ्या कुणीतरी पाहिलेलं हवं, तरच नाव लागणार. गुरू सूर्याजवळ सरकलेला, म्हणून दुसरं कुणी तिकडे बघत नव्हतं. त्यात दुपारपासून आमच्याकडे ढग आले, ते अकरा दिवस हललेच नाहीत.

मी समजूत घातली, की खड्डा काय पळून जातोय? चंद्रावरचे बघ, कधीपासून आहेत तिथेच आहेत.

"चंद्राला जमीन आहे, इंदाय. गुरूला नाही. कितीही खाली जा, नुसता वायू. दगड आत शिरून फुटतो, वर काळा धूर राहतो, आणि वारा तो पांगवतो."

"एवढं मोठं धूड, आणि अंगावर एक ओरखडा टिकत नाही?"

तो हसला नाही. दिवसभर खिडकीशी बसून राहायचा, पानात वाढलेली मासळी तशीच. मला ढगांचा राग यायचा, त्याचा यायचा, आणि करण्यासारखं काहीच नव्हतं.

बाराव्या संध्याकाळी पश्चिमेला मोकळं झालं. त्याने डोळा लावला, पुसला, परत लावला. मग म्हणाला, "मला नुसता उजेड दिसतोय. तू बघ."

मी बघितलं. पट्टे होते, स्वच्छ.

"दक्षिणेला बघ. दुर्बिणीत उलटं दिसतं, तुला ते वर दिसेल."

वर बघितलं, खाली बघितलं. 'आहे' म्हणायला जीभ वळवळत होती. पण कुठल्या पट्ट्यावर, केवढा, हे त्याने विचारलं असतं, आणि मी रचलेलं खोटं त्याच्या नावाने मनिलाला गेलं असतं. गुरू समुद्रात टेकेपर्यंत मी डोळा काढला नाही.

"काही नाही रे," मी म्हटलं.

त्याने मग माझ्याकडून कागदावर तारीख आणि वेळ लिहून घेतली, खाली 'डाग नाही' असं लिहायला लावलं. सही मीच करणार म्हणाला. पेन घेतलं, वाकला आणि केली. अर्धी कागदावर, अर्धी टेबलाच्या लाकडावर.

"जमली का?"

"जमली," मी म्हटलं.