काजलच्या गळ्यातला बिल्ला

"सर, आम्ही संडासले गेलो, तं तेही याच्यात दिसते काय?"

मित्रांनो, भर परिपाठात, अख्ख्या शाळेसमोर हा प्रश्न विचारला होता दहावीतल्या काजलने. विचारण्याची पैज लावली होती तिच्या मैत्रिणींनी, म्हणजे नाजिश आणि तिच्या टोळीने. तुझी हिंमतच होणार नाही, असं नाजिश म्हणाली, आणि तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत काजलचा हात वर गेला होता. पोरं फिदीफिदी हसली. पोरींनी ओढण्या तोंडाला लावल्या. मुख्याध्यापक इंद्रभान सर इकडेतिकडे पाहू लागले. फक्त माल दाखवायला आलेला कंपनीचा माणूस हसला नाही. त्याला वाटलं, आपल्या मालाची तारीफ चालली आहे. तो अभिमानाने म्हणाला, "हो ताई, सगळं दिसतं. कुठे गेली, किती वेळ थांबली, सगळं."

मग मात्र कोणीच हसलं नाही.

ज्याच्यात हे सगळं दिसत होतं, तो मी. मी एक जुना बिल्ला आहे. कंपनीने माझं नाव 'स्मार्ट कार्ड' ठेवलं होतं, पण गावाने पहिल्याच दिवशी मला बिल्ला केलं आणि मलाही तेच आवडलं. पत्त्याच्या पानाएवढा मी, निळ्या फितीचा, पोटात एक इवलंसं सिमकार्ड आणि चपटी बॅटरी. समोर काजलचा फोटो आहे. त्यात ती हसू दाबायच्या नादात चिडल्यासारखी दिसते. माझा एक कोपरा चावलेला आहे. त्या खुणा कोणाच्या दातांच्या, ते ओघात कळेलच.

माझा जन्म एका दूरच्या कारखान्यात झाला. तिथे माझे असंख्य भाऊ माझ्यासारखेच एका सरकत्या पट्ट्यावरून पुढे जात होते. आम्हाला एकच विद्या शिकवली गेली. आकाशातल्या उपग्रहांना विचारायचं, 'मी कुठे आहे?' आणि मिळालेलं उत्तर फोनवर धाडून द्यायचं. बस्स. एवढं आलं म्हणजे जगातलं सगळं आलं, असं मला तेव्हा वाटायचं. नवीन होतो ना!

मग खोक्यात बसून, ट्रकने, टेम्पोने, हादरे खात खात मी जानेफळच्या पुढच्या या लहानशा गावात आलो. शाळेत आमचं स्वागत असं झालं की विचारू नका. नारळ फुटला, फुगे लागले. पालकांच्या फोनवर गावाचा नकाशा उमटला आणि त्यावर प्रत्येक लेकराचा एकेक ठिपका चालू-फिरू लागला. मुलांचे निळे, मुलींचे गुलाबी. शाळेने सगळ्या पालकांना मिळून एकच पासवर्ड दिला होता. प्रत्येकाला वेगळा दिला तर लक्षात कोण ठेवणार, आणि विसरला की शाळेत येऊन डोकं कोण खाणार, असा इंद्रभान सरांचा साधा हिशोब होता. गावालाही तो पटला. आपल्या गावात एकमेकांच्या घरची भाजीसुद्धा सगळ्यांना माहीत असते, मग ठिपक्यांचं काय एवढं?

काजलच्या घरी तर माझा फार थाट होता. तिचे बाबा राजकुमार संध्याकाळी स्वतःचा फोन बाजूला ठेवून आधी मला चार्जिंगला लावत. त्याला कारण होतं. काजलला दहावीनंतर मेहकरला सायन्सला जायचं होतं. रोज बसने जायचं आणि बसनेच परतायचं. त्यांच्या घरातली कुठलीच मुलगी अशी एकटी रोज तालुक्याला गेली नव्हती. बाबा आधी नाहीच म्हणत होते. मी आलो आणि ते म्हणाले, बिल्ला आहे ना आता, मग जा. म्हणून काजलही मला आनंदाने मिरवायची. मी तिच्यासाठी मेहकरचं तिकीटच होतो.

पण त्या संडासाच्या प्रश्नाचं उत्तर पोरींच्या मनातून जाईना. शेवटी नाजिशने युक्ती काढली. संडासाच्या वाटेवर निंबाचं झाड आहे, त्याच्या फांदीवर बिल्ला अडकवायचा, आत जायचं, येताना पुन्हा गळ्यात. मित्रांनो, मधल्या सुट्टीत आम्ही सगळे बिल्ले त्या फांदीवर वाऱ्याने एकमेकांवर आपटत झुलायचो. माझ्या आयुष्यातली ती फार मजेची वेळ होती.

एक दिवस नाजिश चौकातल्या तुळशीरामकाकांच्या पानटपरीवरून चालली होती. काकांनी तिला थांबवून विचारलं, "काऊन वं, तुमी साऱ्या पोरी रोज त्या निंबाखाली काय करून राह्यल्या?"

नाजिश धावतच काजलकडे आली. तेव्हा त्यांना कळलं की तो एकच पासवर्ड टपरीपर्यंत पोचला आहे आणि काका पाहतात. काकाच नाही, टपरीवर बसणारा प्रत्येकजण पाहतो. कोणाचा ठिपका कोणाच्या घरी किती वेळ थांबला, कोणती पोरगी आज लांबच्या वाटेने का गेली, यावर तिथे क्रिकेटसारखी चर्चा चालायची. काजल तडक इंद्रभान सरांकडे गेली. सर म्हणाले, पाहतात तर चांगलंच आहे की, सगळ्या गावाचं लक्ष राहतं. घरी येऊन तिने बाबांना सांगितलं. बाबांचं लक्ष नव्हतं. ते म्हणाले, "पाहू दे ना. आपलं काय जाते?"

त्यांचं लक्ष नव्हतं, कारण ते साल कापसाला वाईट होतं. बीटी बियाण्याच्या पाकिटावर हिरव्यागार अक्षरांत छापलं होतं की या वाणाला बोंडअळीची चिंता नको. तरी गुलाबी बोंडअळी आली. वरून बोंड टवटवीत दिसायचं आणि फोडलं की आत ती आरामात बसलेली. बाबा रोज सकाळी वावरात जाऊन, चार ठिकाणची बोंडं अंगठ्याने फोडून पाहायचे. काजल सोबत गेली की मी तिच्या गळ्यातून ते पाहायचो आणि मनात म्हणायचो, हा माणूस किती संशयी आहे! पाकिटावर छापलंय ना?

माझी अक्कल तेवढीच होती.

जो काही कापूस वाचला, तो वेचायला मजूर मिळेना. म्हणून एका रविवारी काजल आणि तिची आई जनकाबाई वेचणीला गेल्या. बाबांचा नियम होता की बिल्ला गळ्यात पाहिजे म्हणजे पाहिजे. पण वाकून वेचताना मी सारखा पुढे लोंबायचो, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांत अडकायचो, फीत ओढली जायची. काजलने वैतागून मला गळ्यातून काढलं आणि कमरेच्या ओटीत टाकलं. ओटी म्हणजे वेचलेला कापूस ठेवायला पोटाशी बांधलेली लुगड्याची झोळी. तुम्हाला माहीत असेलच. माझ्यावर कापूस पडत गेला. मऊ, ऊन लागलेला, कोमट कापूस. एवढं सुख मला खोक्यातही मिळालं नव्हतं, आणि तसाच मी ओटीतून ढिगावर, ढिगातून गठ्ठ्यात गेलो. वेचायच्या आणि गाणी म्हणायच्या नादात काजल मला साफ विसरली. त्या संध्याकाळी बाबाही टेम्पो भरण्यात एवढे गुंतले होते की मला चार्जिंगला लावायचं त्यांना सुचलं नाही.

सोमवारी सकाळी ती दप्तर उचलून मला शोधू लागली. मी सापडलो नाही. शाळेला उशीर होत होता. घरीच कुठेतरी असेल, असं म्हणून ती तशीच पळाली. शाळेच्या फाटकावरचं, बिल्ल्यावरून हजेरी घेणारं यंत्र माझी वाट पाहत बसलं. मी आलो नाही, म्हणून त्याने काजलची गैरहजेरी मांडली. काजल त्याच्याच समोरून वर्गात गेली होती.

आणि मी कुठे होतो? मी बाबांच्याच टेम्पोत, कापसाच्या गठ्ठ्यात, मेहकरला चाललो होतो.

जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात गाड्यांची रांग होती. बाबा नंबरची वाट पाहत उभे होते, तेवढ्यात तुळशीरामकाकांचा फोन आला. मागून टपरीवरच्या लोकांचं हसणंही ऐकू येत होतं. काका म्हणाले, "राजकुमारभाऊ, तुमची काजल मेहकरात दिसून राह्यली. तुमाले सांगून गेली काय?"

बाबांनी नकाशा उघडला. गुलाबी ठिपका मेहकरात. नुसता मेहकरात नाही, या जिनिंगमध्ये. जिथे ते स्वतः उभे होते तिथेच. त्यांनी शाळेत फोन लावला. इंद्रभान सरांनी पडद्यावर पाहिलं आणि सांगितलं की काजल आज आलेलीच नाही.

मित्रांनो, मग जे झालं ते आठवलं की माझी फीत आजही आवळते. बाबा त्या आवारात लेकीला शोधू लागले. ट्रकच्या मागे, चहाच्या टपरीवर, वजनकाट्याच्या खोलीत. आधी हळूच, मग हाका मारत. "काजल! ए काजल!" मी गठ्ठ्यात, त्यांच्या हाताच्या अंतरावर. ते जिथे जात तिथून परत येत, कारण नकाशा त्यांना परत आमच्याच टेम्पोकडे पाठवायचा. मला बोलता आलं असतं तर ओरडून सांगितलं असतं की अहो, मी आहे हा, ती नाही. पण मला फक्त 'इथे' म्हणता येत होतं. आणि मी ते मोठ्या इमानदारीने पुन्हा पुन्हा म्हणत होतो. इथे. इथे. इथे.

तिकडे गावात तोवर गोष्ट बरीच पुढे गेली होती. ती मी नंतर ऐकली. कोणी म्हणालं, पळून गेली. कोणाबरोबर, याचीही दोन-तीन उत्तरं तयार झाली. निरोप जनकाबाईंपर्यंत पोचला तेव्हा त्या शेण भरत होत्या. त्यांना नकाशा वाचता येत नाही. त्या हात धुऊन सरळ शाळेत गेल्या. सरांनी पडदा दाखवला, तो त्यांनी पाहिलाच नाही. त्या पुढे दहावीच्या खिडकीशी गेल्या. काजल पेनचं टोपण दातात धरून फळ्यावरचं गणित उतरवत होती. जनकाबाई जरा वेळ तिच्याकडे पाहत उभ्या राहिल्या. मग मागे वळून म्हणाल्या, "सर, पोरगी वर्गात बसेल हाय. तुमी कुठं पाहून राह्यले?"

त्या वेळी जिनिंगवर आमचा नंबर लागला होता. तिथले वकारचाचा कापसाची प्रत पाहतात. ओल आहे का, कचरा आहे का, हे पाहायला ते गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घालतात. त्यांच्या बोटांना माझी फीत लागली. त्यांनी मला बाहेर ओढलं, माझ्यावरचा फोटो पाहिला, घामाघूम बाबांकडे पाहिलं, आणि मला त्यांच्या हातावर ठेवत म्हणाले, "घ्या भाऊ, सापडली तुमची पोरगी. जरा चपटी झाली."

आजूबाजूचे सगळे हसले. बाबा हसले नाहीत. तेवढ्यात बाबांचा फोन वाजला आणि सरांच्या फोनवरून काजलचा आवाज आला, "बाबा, मी शाळेतच हाय. काय झालं?" बाबा कापसावरच बसले आणि ओल्या हाताने माझ्यावरचा तिचा फोटो पुसत राहिले.

परतीच्या वाटेवर मी त्यांच्या खिशात होतो. त्यांचं काळीज माझ्या पाठीशी धडधडत होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मनात आलं की आपल्याला किती कमी कळतं. मी 'कुठे' सांगतो. पण ती कशी आहे, हसते आहे का, तिला गणित सुटलं का, यातलं मला काहीच कळत नाही. मित्रांनो, एक विनंती आहे. आम्हाला टाकून देऊ नका, आम्ही वाईट नाही. पण आमच्यावर लेकरं सोपवून निर्धास्त होऊ नका, आणि आमच्या पोटातलं चारचौघांत वाटू तर मुळीच नका. शाळेने पुढे तो एक पासवर्ड बंद केला, त्याचं श्रेय सरांच्या मागेच लागलेल्या काजलला आणि नाजिशला आहे. पण त्यापेक्षा मोठी गोष्ट त्याच संध्याकाळी झाली, आमच्या ओट्यावर.

बाबांनी मला ओट्यावर ठेवलं. आईने चहा आणला. टपरीवरच्या लोकांचं हसणं अजून बाबांच्या कानात होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "बिल्ल्याचाच भरोसा नाही राह्यला, तं मी तुले मेहकरले कसा पाठवू?"

मी दचकलो. तिचं तिकीट माझ्यामुळेच फाटत होतं.

काजल मात्र घाबरली नाही. ती बाबांच्या शेजारी येऊन बसली. "बाबा, बियाण्याच्या पाकिटावर अळीची चिंता नको, असं छापेल होतं ना? मंग तुमी रोज सकाळी बोंडं काऊन फोडून पाहत होते?"

"पाहाच लागते," बाबा म्हणाले. "पाकिटाले काय मालूम, वावरात काय चालू हाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग काजलकडे. जनकाबाई पदराआड हसल्या.

नेमकी तेव्हाच आमची शेळी दावं सोडवून ओट्यावर चढली होती आणि माझा कोपरा मजेत चावत होती. ही शेळी दर दोन दिवसांनी कोणाच्या तरी वावरात सापडते. काजलने तिच्या तोंडातून मला सोडवलं, ओढणीला पुसलं आणि उभी राहिली. परिपाठात उभी राहिली होती, अगदी तशीच.

"आई, बाबा, मी अकरावीले मेहकरले जाणार. बसनं जाणार, आन् बिल्ला घालणार नाही. कुठं होती, काय शिकली, कोणाशी भांडली, सारं रोज घरी येऊन मीच सांगीन. तुमी फक्त इचारा. आन् हा बिल्ला बकरीले बांधा. या घरात खरी हरवते तं तीच."