पखवाजाची कणीक

लातूर वेगळा जिल्हा झाला आणि दुसऱ्याच वर्षी पावसाने पाठ फिरवली. तरी संगीत महाविद्यालयाचा वार्षिक कार्यक्रम ठरल्या दिवशीच होता: आधी विद्यार्थी, मग शिक्षक. कलेक्टर कचेरीतले साहेबलोक येणार म्हणून गल्लीचा टँकर कॉलेजच्या हौदात ओतून घेतला होता. गल्ली घागरी घेऊन फाटकाशी उभीच राहिली.

मंचामागच्या खोलीत गुरुपादप्पा गुरुजी हातोडीने पखवाजाचे लाकडी गट्टे ठोकून सूर लावत होते. डाव्या तोंडाला ओली कणीक थापल्याशिवाय पखवाज घुमत नाही, आणि उन्हात ती सारखी वाळून गळत होती. गंगम्मा तिसरा तांब्या भरून आणून कणीक मळत बसली. कॉलेजात एकटीने पखवाज वाजवणारी ती पहिलीच मुलगी.

"हात जप गं पोरी," गुरुजी म्हणाले.

"हात ठीक हाय गुरुजी, ही कणीकच टिकंना."

गुरुजी हसले. तीस वर्षांत त्यांनी एकाही शिष्यावर हात उगारला नव्हता. बोल चुकला की ते स्वतः टाळी देत आणि पुन्हा म्हणायला लावत, दहादा, वीसदा.

तेवढ्यात खिडकीतून आरोळी आली. "बघा रे! आमची लेकरं तहानेनं मरायलीत अन् ह्ये ढोलाला पाणी पाजायलेत!"

फाटक कडाडून पडलं. विटा आल्या, काचा फुटल्या. दाराची कडी उखडून व्यंकटी आत घुसला. रस्त्याच्या कामावर खडी फोडणारा गल्लीतला हा गडी सकाळपासून रांगेत होता. त्याने लाथेने पखवाज उडवला, गंगम्माचं मनगट धरलं आणि हात खिडकीच्या चौकटीवर दाबून लोखंडी घागर वर उचलली.

"ह्याच हातानं कणीक मळलीस न्हाई का? ठेचतोच!"

"सोड तिला, व्यंकटी!"

"गप बस म्हाताऱ्या!"

घागर खाली येण्याआधी गुरुजींची हातोडी खाली आली. गंगम्माच्या मनगटावर आवळलेल्या व्यंकटीच्या बोटांवर. एकदा. तो ओरडला, घागर निसटली. मुलगी सुटली होती, तरी हातोडी पुन्हा पडली. मग तिसऱ्यांदा. हाड मोडल्याचा आवाज गुरुजींनी नीट ऐकला.

"गुरुजी, पुरे! पुरे हो!" गंगम्मा त्यांच्या दंडाला लोंबकळली होती.

व्यंकटी भिंतीला टेकून खाली बसला. तीन बोटं उलटी वळली होती. "आता खडी कशानं फोडू?" तो रडत म्हणाला. बाहेर पोलिसांच्या लाठ्या पडत होत्या, बायका किंचाळत होत्या.

तांब्यात अर्धं पाणी उरलं होतं. गंगम्माने आधी ते व्यंकटीच्या तोंडाला लावलं, उरलेल्यात ओढणी भिजवून त्याचा हात गुंडाळला. तिचा स्वतःचा हात धड होता, नुसता लाल झाला होता.

सभागृहात साहेबलोकांपुढे कार्यक्रम चालूच होता; कर्ण्यावर गंगम्माचं नाव पुकारलं गेलं.

"जा पोरी," गुरुजी म्हणाले. "दुसरी कणीक मळू."

तिने त्यांच्या हातातल्या हातोडीकडे पाहिलं. "न्हाई गुरुजी. आज माझ्यानं न्हाई व्हायचं."

नाव पुन्हा पुकारलं गेलं. गुरुपादप्पांनी हातोडी खिडकीत ठेवली आणि ती येणार नाही हे सांगायला ते एकटेच मंचाकडे निघाले. रक्ताच्या बाह्या तशाच होत्या.